पावतीतली ती एक ओळ

घरातल्या कुठल्यातरी फायलीत तुमची कॉलेजच्या ॲडमिशनची पावती असेल. काढा जरा. ट्यूशन फी, परीक्षा फी, लायब्ररी, आयकार्ड, विमा अशा ओळी वाचत खाली आलात की मध्येच कुठेतरी 'क्रीडा शुल्क' किंवा 'जिमखाना' लिहिलेलं दिसेल. बाकीच्या आकड्यांपुढे ती रक्कम इतकी किरकोळ असते की आपली नजर तिच्यावरून घसरत पुढे जाते.

माझीही जायची. मी नांदगावची, मास कॉम शिकतेय आणि खेळाशी माझा संबंध शाळेच्या खो-खो संघात राखीव म्हणून बसण्यापुरता. पण यंदा वर्गात 'खेळ आणि पैसा' यावर लिहायला सांगितलं. मी अमेरिकेतली एक बातमी निवडली. तिथली विद्यापीठं पैशासाठी आपली खेळाची लीग बदलतात, अशी ती बातमी. वाचता वाचता मला आठवलं ते न्यायडोंगरी.

हसू नका, सांगते.

न्यायडोंगरी आपल्याच तालुक्यात, नांदगाव आणि चाळीसगावच्या अधेमधे. रेल्वेने नांदगाव ते चाळीसगाव सगळं मिळून चाळीसेक किलोमीटर. समजा, न्यायडोंगरीचे दोन मित्र आहेत, दोघंही कबड्डीत तयार. बारावीनंतर एक जण मनमाडच्या दिशेची गाडी धरून नांदगावच्या कॉलेजात आला, दुसरा उलट्या दिशेने चाळीसगावला गेला. पहिला झाला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा खेळाडू. दुसरा झाला जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा. एकाच मैदानावर लहानपणापासून एकमेकांचे पाय धरणारे हे दोघं आता वेगळ्या फी भरणार, वेगळ्या गावांना सामने खेळायला जाणार, वेगळ्या संघांच्या सिलेक्शनला उभे राहणार.

असं नेहमीच नव्हतं. पुणे विद्यापीठ सुरू झालं १९४९ मध्ये, तेव्हा त्याच्याकडे बारा जिल्हे होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि दक्षिणेकडचे जिल्हे गेले. १९९० मध्ये जळगावला नवं विद्यापीठ झालं आणि जळगाव, धुळे गेले (नंदुरबार तेव्हा धुळ्यातच होतं). पुण्याकडे उरले तीन जिल्हे: पुणे, नगर आणि आपलं नाशिक. म्हणजे १९९० च्या आधी चाळीसगावचं पोरगं आणि नांदगावचं पोरगं एकाच विद्यापीठासाठी घाम गाळत होतं. मग मध्ये रेघ आली. गंमत बघा, गिरणा धरण आपल्या तालुक्यात, पांझणला. तिथून सुटलेलं पाणी जळगाव जिल्ह्यात जातं आणि जळगावचं विद्यापीठही त्याच गिरणेच्या काठावर उभं आहे. नदी तिकडे वाहते आणि आपला फॉर्म पुण्याला जातो.

आता अमेरिका. तिथे कॉलेजचा खेळ म्हणजे प्रचंड धंदा आहे, विशेषतः त्यांचं फुटबॉल. विद्यापीठं गट करून खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. सामन्यांचे टीव्ही हक्क हा गट एकत्र विकतो आणि पैसा सभासद विद्यापीठांत वाटतो. 'बिग टेन' नावाच्या गटाने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला, तेव्हाच्या दराने साधारण ५५ हजार कोटी रुपये. तुलनेसाठी, आपल्या आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. कॉलेजच्या पोरांचे सामने आयपीएलच्या तोडीला विकले जातात!

एवढा पैसा दिसल्यावर कोण थांबतं? लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं, यूसीएलए आणि यूएससी, 'पॅक-१२' हा आपला जुना पश्चिम किनाऱ्याचा गट सोडून २०२४ मध्ये बिग टेनमध्ये गेली. त्यांच्यामागे बाकीचीही पांगली आणि बारापैकी दोनच उरली: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही तुलनेने लहान गावांतली. स्टॅनफर्ड आणि बर्कली तर प्रशांत महासागराच्या काठावरची असून 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये गेली, तीही टीव्हीच्या पैशातला कमी वाटा मान्य करून. गडचिरोलीने कोकण किनारा लीगमध्ये नाव घालावं तसा प्रकार. टेक्सस आणि ओक्लाहोमा या दोघांनी जुना गट ठरल्यापेक्षा एक वर्ष आधी सोडण्यासाठी मिळून १० कोटी डॉलर सोडायचं कबूल केलं. आठशे कोटी रुपयांच्या वर, फक्त लवकर निघण्याचे!

ही उलाढाल होते फुटबॉलच्या जिवावर, पण गट बदलतो सगळ्याच खेळांचा. फुटबॉलवाले आठवड्यात एक सामना खेळतात, खास विमानाने जातात. सॉफ्टबॉलच्या, व्हॉलीबॉलच्या मुलींचे सामने जास्त, टीव्हीला त्यांच्यात रस कमी, आणि त्यांनाही कॅलिफोर्नियाहून थेट न्यू जर्सीपर्यंत जायचं. लेक्चर बुडणार, झोप बुडणार. ज्यांच्या नावावर पैसा आला नाही त्यांच्या वाट्याला प्रवास आला.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. यूसीएलए आणि बर्कली ही दोन्ही कॅलिफोर्निया विद्यापीठाची, वरचं नियामक मंडळ एकच. यूसीएलए गेल्यामुळे बर्कलीचं नुकसान झालं हे त्या मंडळाने मान्य केलं आणि २०२४ मध्ये ठरवलं की यूसीएलएने बर्कलीला वर्षाला एक कोटी डॉलर द्यायचे. आपल्या हिशेबात ८० कोटींहून जास्त. जाणाऱ्याला अडवलं नाही. पण तुझ्या जाण्याने मागे राहणाऱ्याचं किती गेलं ते मोजलं, आणि ते भरायला लावलं.

आता परत नांदगावला या. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे हक्क घ्यायला कुठलंही चॅनेल येत नाही. मग आपला खेळ चालतो कशावर? त्या पावतीतल्या ओळीवर. कॉलेज ते शुल्क गोळा करतं, त्यातला काही भाग विद्यापीठाच्या क्रीडा व्यवस्थेकडे जातो, उरलेल्यात कॉलेज चेंडू, जाळ्या, किट, मैदानाची आखणी आणि संघाचा प्रवास भागवतं. आपला स्पॉन्सर तुम्हीच आहात. जो पोरगा कधी ग्राउंडवर फिरकला नाही, त्याच्या पैशावर कबड्डीचा संघ नाशिकला जातो.

या पैशाचं एक साधं गणित करू. आकडे माझ्या मनचे आहेत, तुमच्या कॉलेजचे तुम्ही घाला. समजा, कॉलेजात दीड हजार विद्यार्थी आणि कॉलेजच्या हातात माणशी १०० रुपये उरतात. झाले दीड लाख. कबड्डीचे बारा खेळाडू आणि सोबत सर, असे तेरा जण. नांदगाव ते नाशिक रोड शंभर किलोमीटर. जाऊन-येऊन भाडं आणि जेवण माणशी ५०० धरलं तर एका फेरीचे साडेसहा हजार. मुलांचे पाच आणि मुलींचे पाच असे दहाच संघ पाठवले, तेही एकेकदाच, तरी ६५ हजार गेले. मुक्काम पडला की हिशेब वेगळा. संघ जिंकून पुढे गेला तर आणखी वेगळा. जिंकणं महाग पडतं, ही लहान गावच्या कॉलेजची खरी अडचण आहे. नाशिक शहरातल्या कॉलेजला त्याच सामन्यासाठी सिटी बस पुरते. फी मात्र दोन्हीकडची पोरं भरतात.

जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकणारा माझा एक मित्र गेल्या वर्षी धावण्याच्या स्पर्धेला स्वतःच्या पैशाने गेला. आदल्या दिवशी सरांनी सांगितलं, "तू जा, बिल आण, बघू." बिल दिलं. बघणं अजून चाललंय. त्याला विचारलं, की क्रीडा शुल्क भरलं होतंस ना? तो म्हणाला, "ते काय असतं?"

विद्यापीठ बदललं की या गणितात काय होतं? इथे मला वाटलं होतं त्यापेक्षा गोष्ट गुंतागुंतीची निघाली. लहान विद्यापीठात गेलं की तोटाच, असं मी धरून चालले होते. तसं नाही.

न्यायडोंगरीच्या दोघांकडे परत बघा. पुणे विद्यापीठाकडे सातशेहून जास्त कॉलेजं. नांदगावच्या पोराने आधी नाशिक विभागाच्या संघात यायचं, मग आंतरविभागीय स्पर्धेत पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि नगरच्या पोरांसमोर चमकायचं, आणि मग विद्यापीठाच्या बारा जणांत बसायचं. पुणे शहरातली पोरं लहानपणापासून मॅटवर खेळलेली, क्लबमधून आलेली. जळगावच्या विद्यापीठात कॉलेजं बरीच कमी, तीन जिल्हे, पण कबड्डीच्या संघात जागा तेवढ्याच: बारा. अखिल भारतीय पातळीवर पुण्यालाही एक संघ आणि जळगावलाही एकच. म्हणजे १९९० च्या त्या रेघेने खानदेशातल्या पोरांसाठी कबड्डीच्या बारा नव्या जागा तयार केल्या, आणि तशाच प्रत्येक खेळात. पश्चिम विभागाच्या स्पर्धेत गुजरात, राजस्थानच्या विद्यापीठांसमोर उतरायची संधी त्यामुळे चाळीसगाव, अमळनेर, शहाद्याच्या कितीतरी पोरांना मिळाली असणार.

त्या जागेची किंमत कमी समजू नका. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातून भरती होताना अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतला क्रमांक धरला जातो. मनमाड आणि भुसावळच्या मधे राहणाऱ्यांना रेल्वेची नोकरी म्हणजे काय हे सांगायला नको. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यातही कुठल्या पातळीवर कितवा आलात ते बघतात. गावच्या ट्रॉफ्या कपाटातच राहतात.

पण दुसरी बाजू अशी की मैदान वाटून घेता येत नाही. विद्यापीठ फुटलं तेव्हा कॉलेजं जळगावकडे गेली, पुण्यातल्या सोयी पुण्यातच राहिल्या. आज पुणे विद्यापीठाच्या आवारात खाशाबा जाधवांच्या नावाचं क्रीडा संकुल आहे, शहरात बालेवाडी आहे. नव्या विद्यापीठाला सगळं पहिल्या विटेपासून उभं करावं लागतं, आणि तेही कमी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून. कोचिंग कॅम्प लावायचा तर खर्च तेवढाच असतो, वाटून घेणारे कमी असतात. त्यामुळे चाळीसगावच्या पोराला संघात जागा सोपी आणि सराव अवघड. नांदगावच्या पोराला सोयी आहेत म्हणे, पण त्या अडीचशे किलोमीटरवर आहेत. संध्याकाळी पाचला लेक्चर संपल्यावर त्या सोयींचा त्याला काय उपयोग?

मला विचाराल तर आपल्या तालुक्याला यातली कुठलीच व्यवस्था पुरती मानवलेली नाही. आणि तरी इथून खेळाडू निघतात. मनमाड आपल्याच तालुक्यात आहे. तिथल्या आकांक्षा व्यवहारेने २०२२ मध्ये मेक्सिकोत युवा जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. शेजारच्या चांदवडमधल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला नौका वल्हवत होता. एक घडली गावच्या व्यायामशाळेत, दुसरा सैन्यात. कॉलेजचं मैदान या गोष्टींत जवळपास येतच नाही, हे खटकायला हवं.

हे सगळं आत्ता का लिहायचं? कारण नव्या रेघा पुन्हा पडायला लागल्यात. मुंबईत २०१९ मध्ये एल्फिन्स्टन, सिडनहॅम ही कॉलेजं होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली, २०२० मध्ये के. सी. आणि एच. आर. ही कॉलेजं एचएसएनसी विद्यापीठात. पुण्याचं सीओईपी २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्याने समूह विद्यापीठांची वाट मोकळी केली आहे. मोठी, जुनी, भरपूर विद्यार्थी असलेली कॉलेजं एकत्र येऊन वेगळी होऊ शकतात. नाशिकला स्वतंत्र विद्यापीठ हवं, हा विषयही अधूनमधून निघतो.

या चर्चांत अभ्यासक्रम असतो, पदवीवर कोणाचं नाव येणार ते असतं, प्राध्यापकांच्या जागा असतात. खेळ नसतो. पण जे कॉलेज वेगळं विद्यापीठ झालं त्याचे खेळाडू जुन्या विद्यापीठाच्या संघातून जातात आणि त्यांचं क्रीडा शुल्कही जातं. जाणारी कॉलेजं बहुतेक शहरातली, मोठ्या पटाची. मागे राहतात ती तालुक्याची. ज्यांचा पट कमी, प्रवास जास्त, आणि ज्यांच्या संघांचा थोडाफार खर्च या मोठ्यांच्या शुल्कातून उचलला जात होता. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट आठवली का? ती तिथे टीव्हीच्या पैशाला मुकली. आपल्याकडे टीव्ही नाही म्हणून आपल्याला ते दिसत नाही, एवढाच फरक.

कोणाला अडवावं असं मी म्हणत नाही. १९९० ने दाखवलंय की वेगळं होण्यातून नव्या जागाही तयार होतात, आणि नाशिकचं विद्यापीठ झालं तर नांदगावच्या पोरांसाठीही होतील. पण कुठलंही कॉलेज किंवा जिल्हा वेगळा करण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यात क्रीडा निधीचं एक पान असायलाच हवं. किती विद्यार्थ्यांचं शुल्क जाणार, मागे राहणाऱ्यांच्या स्पर्धा कशा भागणार, जुन्या विद्यापीठाच्या मैदानांवर नव्याच्या खेळाडूंना किती वर्षं सराव करता येणार. आणि पहिली तीन-चार वर्षं मागे राहिलेल्यांना भरपाई कोण देणार. कॅलिफोर्नियातल्या मंडळाला ते सुचलं. आपल्याकडे कुलपती एकच, सरकार एकच, कायदाही एकच आहे. आपल्याला तर ते सोपं जायला हवं.

विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाकडेही एक मागणी. प्रवासाचा खर्च अंतराप्रमाणे सर्वांत वाटून घ्या. शंभर किलोमीटरवरून येणाऱ्या संघाचं भाडं मध्यवर्ती निधीतून द्या, मग शहरातल्या कॉलेजांचा वाटा थोडा वाढला तरी चालेल. आणि विभागाच्या सगळ्या स्पर्धा शहरातच कशाला? कबड्डी, खो-खोला लागतं काय? दोन मैदानं, पाणी आणि रात्री झोपायला दोन वर्ग. नांदगाव, येवला, मनमाडला त्या सहज होतील. एकदा शहरवाल्यांनाही पहाटेची गाडी धरून इकडे येऊ द्या. मनमाडला गाडी बदलताना धावपळ कशी होते ते त्यांनाही कळेल.

राहिलं कॉलेज. तिथे मागणी तुम्हीच करायची आहे. ऑफिसच्या खिडकीशी उभे राहाल तेव्हा विचारा, क्रीडा शुल्काचे गेल्या वर्षी एकूण किती जमले, विद्यापीठाला किती गेले, उरलेले कशावर गेले? नोटीस बोर्डावर एक कागद लावायला काही अडचण नसावी. खिडकीच्या आतले काका वैतागतील, मागे रांग असेल, तुम्हाला "नंतर या" म्हणतील. नंतर जा. लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. कॉलेज अनुदानित असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो, त्याचं शुल्क १० रुपये.

माझ्या त्या धावणाऱ्या मित्राने गेल्या आठवड्यात असा अर्ज दिलाय, बिलाची झेरॉक्स जोडून. तुम्ही दिलात तर काय उत्तर मिळालं ते या पानाच्या पत्त्यावर पाठवा. उत्तर मिळालं नाही, तर तेही पाठवा, तारखेसकट.